संपर्क झाला नाही

परिषदेचे निष्कर्ष परिषदेच्या आधीच टाइप होतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. आमच्या संस्थेत ते काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. ‘प्रादेशिक सामाजिक धोरण आणि प्रशासन’ या विषयावर दरवर्षी दोन दिवसांची परिषद भरते. दीडशे लोक येतात, गळ्यात ओळखपत्र अडकवतात, कोरी वही आणि न उमटणारं पेन असलेली पिशवी घेतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना शिफारशी वाचून दाखवल्या जातात. त्या शिफारशींच्या छापील प्रती आदल्या गुरुवारीच नोंदणीच्या टेबलाखाली खोक्यात येऊन पडलेल्या असतात. आधी कळस, मग पाया. मला याचं कधी काही वाटलं नव्हतं. कोणीतरी लिहायलाच हवं, आणि जेवून पेंगुळलेल्या दीडशे माणसांकडून काय लिहून होणार?

मी तिथे संशोधन सहायक. सर आमचे विभागप्रमुख. त्यांना आम्ही पाठीमागे ‘सरासरी’ म्हणायचो, कारण कोणी एखाद्या माणसाची हकिगत सांगायला लागलं की ते हात वर करून म्हणायचे, “एक माणूस सोडा, सरासरी सांगा.” माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांचा राग येणार आहे आणि तो पुरता न्यायाचा नसेल.

त्या वर्षी आमचा पेपर आरोग्य उपकेंद्रांवर होता. आमच्या भागातल्या लहान गावांत अशी बारा उपकेंद्रं होती. दोन खोल्या, एक नर्स, एक खाट, औषधांचं कपाट. म्हाताऱ्या माणसांची ड्रेसिंग, इंजेक्शनं, रक्तदाब, सगळं तिथेच. खात्याने त्यातली तीन बंद केली आणि त्यांच्या जागी हेल्पलाइन आणली. फोन करायचा, गरज वाटली तर फिरती गाडी येणार. आम्ही दोन फेऱ्यांचा सर्व्हे केला. पहिली फेरी केंद्रं बंद होण्याआधी, त्या तीन गावांत घरोघरी जाऊन, तीनशे बारा लोकांची. दुसरी दहा महिन्यांनी, फोनवर. सेवेबद्दल समाधानी आहात का, या प्रश्नाला पहिल्या फेरीत शंभरात एकसष्ट जण हो म्हणाले, दुसऱ्या फेरीत चौऱ्याऐंशी. सरांना तो आकडा इतका आवडला की त्यांनी तो पेपरच्या नावातच घातला.

दुसऱ्या फेरीत एक्केचाळीस लोकांनी फोन उचलला नव्हता. नियम असा, की वेगवेगळ्या दिवशी तीनदा फोन करायचा. तिन्ही वेळा उचलला नाही तर कोड नव्व्याण्णव, ‘संपर्क झाला नाही’, आणि ते नाव आकडेमोडीतून बाहेर. हा नियम माझा. खरं तर माझाही नाही, आमच्याच एका जुन्या सर्व्हेतून मी जसाच्या तसा उचलला होता. तो सर्व्हे वाचनालयाच्या सभासदांचा होता. वाचनालयाच्या सभासदाने फोन नाही उचलला तर तो बाजारात गेलेला असतो.

गुरुवारी छापून आलेल्या शिफारशींत चौथी अशी होती: ‘उरलेली नऊ उपकेंद्रे टप्प्याटप्प्याने हेल्पलाइनमध्ये विलीन करावीत.’ त्या नऊंतलं एक आईच्या गावात होतं. टाइप करताना ते माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. चौऱ्याऐंशी टक्के लोक खूश आहेत, त्यात आईही बसेल, असं म्हणून मी पुढची ओळ घेतली.

आईला साखरेचा आजार. डाव्या टाचेला जखम, सात महिने जुनी. आठवड्यातून तीनदा ड्रेसिंग करावं लागे, आणि तीन मिनिटांच्या अंतरावर उपकेंद्र होतं म्हणून ते होई. शनिवारी मी गावी गेले आणि तिला घेऊन केंद्रात बसले. मांडीवर त्या एक्केचाळीस जणांची यादी होती. पेपरला जोडण्याआधी नावं काढून नुसते क्रमांक घालायचं काम राहिलं होतं.

तिथली सिस्टर वर्षापूर्वी दुसऱ्या गावाहून बदलून आलेली. तिचं आधीचं केंद्र बंद झालेल्या तिनांपैकी एक होतं, हे मला माहीत होतं, पण कधी त्याचा विचार केला नव्हता. ती आईची पट्टी सोडताना वाकून यादीकडे बघत होती.

“ताई, ही कसली यादी?”

“सर्व्हेची. यांनी फोन उचलले नाहीत.”

“हे कसे उचलतील? हे गेले की.”

“कुठे?”

आई खाटेवरून म्हणाली, “कुठे काय विचारतेस? एवढी शिकलीस, आणि माणूस गेला म्हणजे कुठे जातो ते ठाऊक नाही?”

सिस्टरने आधी ड्रेसिंग पूर्ण केलं. ती घाई करणारी नव्हती. मग हात धुतले, पदराला न पुसता तसेच वाळू दिले, आणि माझ्या शेजारी बाकावर बसून पेन्सिल मागितली. एक्केचाळीसांतली सव्वीस नावं तिच्या जुन्या गावची निघाली; तिथल्या बातम्या तिला अजून फोनवर कळत. ती एकेका नावावर थांबायची आणि गेलेल्या माणसापुढे खूण करायची.

“हे टेलर. पायाची जखम, मावशींसारखीच. गाडी सांगितली होती, ती नवव्या दिवशी आली. ही बाई, हिला स्वतःला सुई टोचायची भीती वाटायची, मी टोचायचे. हे मास्तर. यांना ऐकूच यायचं नाही, हेल्पलाइनवर काय बोलणार? ही दोघं नवरा-बायको, पंधरा दिवसांच्या अंतराने. ही आहे, मुलाकडे राहायला गेली, फोन बदललाय तिचा.”

सतरा खुणा झाल्या. “बाकीचे माझ्या गावचे नाहीत, त्यांचं मला नाही सांगता येणार,” म्हणाली, आणि पेन्सिल परत देऊन पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मला आधी कसलं दुःख झालं नाही. आधी झाली ती भीती, नोकरीतली साधी भीती, चूक आपली आहे आणि ती कागदावर आहे याची. माणसांचं दुःख नंतर आलं, घरी जाताना, आईचा हात धरून रस्ता ओलांडताना. मेलेल्या माणसांना मी ‘संपर्क झाला नाही’ म्हणून बाजूला काढलं होतं, आणि मागे उरलेल्या जित्या माणसांना विचारलं होतं, बरे आहात ना.

“तुमच्या त्या परिषदेत सांगणार ना हे?” आईने विचारलं.

“बघू.”

“तुझं बघू म्हणजे नाही. लहानपणापासून.”

“आई, हे केंद्र बंद झालं तर तू काय करशील?”

“मी? मी समाधानी आहे, बाई. फोन केलास तर तसं सांगेन.” आणि ती स्वतःच्याच विनोदावर थांबून हसली. टाचेवर भार येऊ नये म्हणून ती पाऊल तिरकं टाकत होती.

रविवारी मी सरांच्या घरी गेले. ते झाडांना पाणी घालत होते. मी सांगत असताना त्यांनी झारी खाली ठेवली, यादी हातात घेतली, खुणा मोजल्या. मग पहिली गोष्ट त्यांनी म्हटली ती ही: “नर्सची आठवण हा डेटा नाही.”

“सर, सतरा माणसं आहेत.”

“म्हातारी आणि आजारी. दहा महिन्यांत काही जाणारच. केंद्र असतं तर गेली नसती, हे कशावरून?”

हा प्रश्न बरोबर होता. हाच प्रश्न विचारायला मी नव्या मुलांना शिकवते. माझ्याकडे टेलरच्या दाराशी नवव्या दिवशी आलेली गाडी होती फक्त.

“पेपरच्या शेवटी अभ्यासाच्या मर्यादा लिहितो, त्यांत एक ओळ घाला,” सर म्हणाले. “आणि हेही बघा, कोडची यादी तुमची. हे उघडं पडलं तर पहिलं नाव कोणाचं येईल? माझं नाही यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं उगीच नाही म्हणत.” ते धमकावत नव्हते, त्यांना माझी खरोखरच काळजी वाटत होती. त्याचाच मला जास्त राग आला. मी घरी आले आणि मर्यादांमध्ये ती ओळ घातली.

सोमवारी साडेअकराला आमचं सत्र होतं. प्रत्येक पेपरला बारा मिनिटं, प्रश्नांना तीन. वेळ राखायला टेबलावर हातघंटी. पहिल्या रांगेत खात्याच्या सचिवबाई बसल्या होत्या. त्या चहापर्यंत थांबणार आणि मग दुसऱ्या बैठकीला जाणार, हे कार्यक्रमपत्रिकेत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे जे काही सांगायचं ते चहाच्या आत.

सरांनी पेपर वाचला. चौऱ्याऐंशीचा आकडा पडद्यावर हिरव्या रंगात आला. मर्यादांची पाटी त्यांनी, वेळ कमी आहे म्हणून, झटकन पुढे सरकवली. माझी ओळ दोन सेकंद दिसली असेल. घंटी वाजली. अध्यक्ष म्हणाले, कोणाला काही विचारायचं आहे? मी हात वर केला.

अध्यक्षांना वाटलं मी माइक घेऊन फिरणारी. ते म्हणाले, “हो, माइक मागे द्या.” मी म्हटलं, मलाच विचारायचं आहे. त्यांनी पत्रिकेत बघितलं. “पण तुमचं नाव तर याच पेपरवर आहे.” लोक हसले. स्वतःच्या पेपरला स्वतः प्रश्न विचारणारं कोणी आजवर त्या सभागृहात उभं राहिलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आवाज बरा निघाला. मी सांगितलं की फोन न उचललेले एक्केचाळीस जण हिशेबात नाहीत. त्यातल्या सव्वीस जणांना ओळखणारी एक नर्स आहे, आणि त्या सव्वीसांतले सतरा मेलेले आहेत. आमच्या यादीत मेलेल्या माणसाला कोड नाही, ती चूक माझी. माणूस मेला की आमचं समाधान वाढतं. हे वाक्य मी ठरवून आणलं नव्हतं.

“हा प्रश्न आहे की सूचना?” अध्यक्षांनी विचारलं.

तेवढ्यात सचिवबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. याची नोंद घ्यायला हवी.” आणि त्यांनी खरोखर वहीत काहीतरी लिहिलं, स्वतःच्या पेनाने. सगळ्यांना हायसं वाटलं. सरांनाही. ते माइकवर म्हणाले, “आमच्या सहकारी फार बारकाईने काम करतात.” मग चहा झाला. तीन अनोळखी लोकांनी येऊन माझं अभिनंदन केलं, एकाने माझा ईमेल मागितला.

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सचिवबाईंचा फोन आला होता. शिफारशींत एक मुद्दा वाढवायचा होता: ‘पाचवी: सर्वेक्षणाची तिसरी फेरी घ्यावी व मृत लाभार्थ्यांसाठी स्वतंत्र कोड ठेवावा.’

“आणि चौथी?” मी विचारलं.

“चौथी छापून झाली आहे,” सर म्हणाले. “पाचवीची चिठ्ठी चिकटवू या.”

त्या दीडशे चिठ्ठ्या मी कापल्या, मी चिकटवल्या. नोंदणीच्या टेबलाशी बसून, डिंकाची बाटली मांडीशी धरून, दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि मला आनंद झाला होता. हे सांगायची लाज वाटते, पण झाला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा परिषदेत बोललेलं काहीतरी परिषदेच्या निष्कर्षात आलं होतं. प्रत्येक चिठ्ठी मी चौथ्या शिफारशीच्या बरोबर खाली, कडा जुळवून लावत गेले. चौथीवर चिकटवायचं मला सुचलंही नाही.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आता मेलेल्यांना मोजणार. बरं झालं. बैल गेला नि झोपा केला.”

नऊ उपकेंद्रं तीन महिन्यांत बंद झाली. टप्प्याटप्प्याने म्हणजे एका महिन्यात तीन. सिस्टरला शहरात हेल्पलाइनवर बसवलं, कानाला यंत्र लावून. आईच्या गावच्या केंद्राला कुलूप लागलं तेव्हा मी तिला माझ्याकडे यायला सांगितलं. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. ती म्हणाली, “या पायाने एकदा वर आले तर खाली मला चौघेच आणतील.” मग असं ठरलं की रविवारी मी जाऊन ड्रेसिंग करायचं, बुधवारी शेजारीण करेल, आणि शुक्रवारी गाडी येईल.

शेजारणीचे हात थरथरायचे. गाडी दोन शुक्रवार आली. तिसऱ्या शुक्रवारी आईने हेल्पलाइनला फोन केला. तो सिस्टरनेच उचलला आणि दोघी वीस मिनिटं बोलत बसल्या, मावशी जेवलात का, पायाला सूज आहे का. सिस्टरने गाडीची नोंद केली. गाडी तिच्या हातात नव्हती. हे मला आईने हसत सांगितलं: “आपली माणसं आहेत गं तिथे. नुसती लांब आहेत.”

मी त्या दिवसांत तिसऱ्या फेरीची प्रश्नावली बनवत होते. सरांनी मला पूर्ण मोकळीक दिली होती, फक्त एका गोष्टीचा आग्रह धरला. मृत्यूचा नवा कोड, अठ्ठ्याण्णव, ऐकीव गोष्टीवर टाकायचा नाही. नोंदवलेल्या नंबरवर फोन करायचा, घरच्या माणसाने तोंडी दुजोरा द्यायचा, आणि कॉल रेकॉर्ड व्हायला हवा. मला ते पटलं. पुन्हा कोणी म्हणायला नको की नर्सची आठवण हा डेटा नाही. त्या आठवड्यात काम संपेना म्हणून मी एका रविवारी गेले नाही. एकाच. पुढच्या रविवारी दारातच वास आला. मी पट्टी सोडली तर टाच काळी पडली होती, आणि आई म्हणाली, “दुखत नाही गं आता.” ती मला बरी बातमी देत होती.

दवाखाना दोन तासांवर. गुडघ्याखालचा पाय काढला, पण तोवर विष वर चढलं होतं. सहाव्या दिवशी ती गेली. शेवटचं स्पष्ट बोलली ते शस्त्रक्रियेच्या सकाळी, माझी परिषद यंदा कधी आहे ते विचारलं. सिस्टर कामावरून रजा घेऊन आली आणि कोपऱ्यात उभी राहिली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मी नोंद केली होती, ताई. तीनदा केली होती.” मी तिला म्हटलं, मला माहीत आहे. एका रविवारी मी का गेले नाही, हे तिने मला विचारलं नाही. कोणीच विचारत नाही.

तिसरी फेरी दोन महिन्यांनी सुरू झाली. या वेळी बाराही गावांतून, केंद्रांच्या जुन्या नोंदवह्यांतून नावं घेतली होती, संगणकाने निवडलेली, कोणाचा हात न लागता. सहाशे नावं, चार जणींत वाटलेली. माझ्या वाट्याच्या यादीत तिसऱ्या पानावर आईचं नाव होतं. मी ते बदलून घेऊ शकले असते. पलीकडच्या खुर्चीवरच्या मुलीला नुसतं सांगितलं असतं तर तिने घेतलं असतं. पण मग तिने तीनदा फोन केला असता, कोणी उचलला नसता, आणि तिने नव्व्याण्णव टाकला असता. नियमाप्रमाणे.

आईचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो मी बंद केला नव्हता, दर दोन दिवसांनी चार्ज करत होते. का, ते मला विचारू नका. मंगळवारी सकाळी अकराला मी संस्थेच्या फोनवरून तो नंबर लावला. ड्रॉवर वाजायला लागला. पलीकडच्या मुलीने मान वर करून पाहिलं. मी ड्रॉवर उघडला आणि फोन घेतला.

“नमस्कार,” मी डाव्या हातातल्या फोनमध्ये म्हटलं. “आरोग्यसेवा सर्वेक्षणासाठी बोलत आहोत. लाभार्थी घरी आहेत का?” माझाच आवाज किंचित उशिराने मला उजव्या कानात ऐकू आला.

“नाहीत,” मी उजव्या हातातल्या फोनमध्ये म्हटलं. “वारल्या.”

“आपलं नातं?”

“मुलगी.”

“माहितीबद्दल धन्यवाद,” मी म्हटलं, कारण प्रश्नावलीत तसं लिहिलं होतं, आणि दोन्ही फोन ठेवले. पलीकडची मुलगी रडायला लागली होती. मी नाही.

मी अठ्ठ्याण्णव टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना आली. ती मीच लिहिली होती, ज्या आठवड्यात एका रविवारी गेले नव्हते त्या आठवड्यात: ‘कोड अठ्ठ्याण्णव असल्यास समाधानाचे व पुढील सर्व प्रश्न वगळावेत.’ मेलेल्या माणसाला समाधान कसं विचारणार, असा साधा विचार होता तेव्हा. म्हणजे आई मोजली जाणार होती, पण सरासरीत ती कुठेच येणार नव्हती, आणि उरलेल्यांचं समाधान पुन्हा तेवढंच वाढणार होतं. पेपर परिषदेला तयार हवा होता. मी प्रश्न वगळले आणि पुढचा नंबर लावला.